हिरवळीवरची पाटी

रविवारी सकाळी पेपर उचलायला मार्लीस गाऊनवरच बाहेर आली, तेव्हा हिरवळीच्या मधोमध पाटी ठोकलेली होती. 'विकणे आहे'. लाल अक्षरं, खाली कुठल्याशा घरदलालाचं नाव आणि फोन नंबर. क्षणभर तिला वाटलं, हे आपणच कधीतरी ठरवलं आणि विसरून गेलो. मग उलगडा झाला. आदल्या दिवशी हार्लन स्टेट कॉलेजचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, संघ घरच्या मैदानावर हरला होता, लागोपाठ तिसऱ्यांदा, आणि फुटबॉलच्या कोचला निरोप द्यायची ह्या गावाची रीतच ही होती. तोंडावर कोणी काही बोलत नाही. तोंडावर 'पुढच्या शनिवारी नक्की, कोच' म्हणून पाठीवर थाप मारतात, मग बिअर ढोसून दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणातली पाटी उपटतात आणि तुमच्या अंगणात आणून ठोकतात. आधीच्या कोचच्या दारात तर म्हणे ह्या पाट्यांचं पीक आलं होतं. ती गोष्ट कॉलेजला देणग्या देणाऱ्या बड हॅनिगनच्या बायकोने मार्लीसला पहिल्याच भेटीत, केक कापता कापता, हसत हसत सांगितली होती. अशा गोष्टी केक कापताना सांगायच्या हेही इथलं वळण. मार्लीसने पाटीभोवती एक फेरी मारली. दवाने गवत ओलं होतं आणि सपाता भिजल्या. गवतात बुटांचे ठसे होते, बिअरचा एक डबा पडला होता, आणि पाटी मात्र अगदी सरळ, ओळंब्यात लावलेली होती. एरवी ह्या गावातल्या कोणाला साधी टपालपेटी सरळ बसवता येत नाही. तिला वाईट वाटायला हवं होतं, निदान राग तरी यायला हवा होता. पण आतून जे वर आलं ते हसू होतं, चक्क आनंदाचं, आणि शेजारच्या व्हर्न पेट्रोस्कीच्या घराचा पडदा हलला तसं तिने ते घाईघाईने गिळून टाकलं.

क्लेटन मोजे घालून खाली आला, कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिला. एकोणतीस वर्षं ती त्याला रविवारी सकाळी असाच खिडकीशी उभा बघत आली होती. जिंकला तर एका हातात कप, हरला तर दोन्ही हातांत. आज दोन्ही हातांत होता. "कोणाचं काम?" त्याने विचारलं. "व्हर्नचं असेल. आत्ता पडदा त्याचाच हलला." "व्हर्न तसला नाही गं." क्लेटनच्या मते तसलं कोणीच नसे. जो माणूस रेडिओवर फोन करून त्याला गाढव म्हणे त्याच्याशीही तो सोमवारी पेट्रोल पंपावर मुलाबाळांची चौकशी करत बोलत बसे. लोक ह्याला त्याचा मोठेपणा म्हणत. मार्लीसला पूर्वी तो मोठेपणा वाटला होता. मग कधीतरी, बहुतेक पाचव्या गावी, तिच्या लक्षात आलं की ह्या माणसाला अपमान झालेला कळतच नाही, कारण अपमान व्हायला जी जागा लागते तिथे त्याच्या आत पुढच्या शनिवारचा डाव मांडलेला असतो. त्याने बाहेर जाऊन पाटी उपटली, गॅरेजमध्ये नेली आणि उलटी करून भिंतीला टेकवली. मागची बाजू पांढरीस्वच्छ होती. ती कपडे वाळवणीच्या यंत्रात टाकायला गेली तेव्हा तो त्या पाठीवर काळ्या खडूने फुल्या आणि गोल काढत होता, एकेका गोलापासून बाण, बाणांचे पुढे फाटे. गोल म्हणजे आपली पोरं, फुल्या म्हणजे त्यांची. चेहरा लहान मुलासारखा शांत होता. तिने यंत्राचं दार जरा जास्तच जोरात लावलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिचे वडील गेले होते. मिनेसोटात अगदी वर, स्पून लेकच्या काठी त्यांचं लाकडी घर, घराला लागून गळाचं आमिष आणि दोऱ्या विकायचं इवलंसं दुकान, आणि तळ्यात शिरलेला एक फळ्यांचा धक्का. मातीला जमलेली माणसं भट्टीत परातभर भाजलेली हॉटडिश खाऊन, कॉफी पिऊन गेल्यावर ती त्या धक्क्याच्या टोकाशी बसली होती. तळ्यावरचा बर्फ नुकताच फुटायला लागला होता. त्याचा आवाज येत होता, लांबून कोणी काचा गोळा करतंय तसा. क्लेटन येऊन शेजारी बसला आणि त्याने तिच्या मानेवर मागून हात ठेवला. जड, उबदार हात. अंगठा कानाच्या मागे. "यंदाचा हंगाम शेवटचा, मार्लीस," तो म्हणाला. "जिंकू नाहीतर हरू. नाताळाला आपण इथे. कायमचे." तिने मागितलं नव्हतं. त्याने आपण होऊन शब्द दिला होता. भाऊ आर्लन घर विकायच्या विचारात होता, डुलुथचा एक चुलतभाऊ गिऱ्हाईक म्हणून टपून बसला होता. तिने आर्लनला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, थांब, आम्ही येतोय. आणि उतरत्या उन्हात घरी परतताना गाडीत तिला आठवलं की हा हात आपण ह्याआधी पुष्कळदा पाहिलाय. संघासाठी पोरं मिळवायला तो घरोघर जाई तेव्हा, केंटकीतल्या, टेनेसीतल्या, इंडियानातल्या बैठकीच्या खोल्यांत, उसवलेल्या सोफ्यांवर, पोरांच्या मानेवर. समोर आई बसलेली असायची, डोळे पुसत. 'तुमच्या मुलाला मी माझ्या मुलासारखा सांभाळीन.' तो त्याचा धंदाच होता, शब्द देण्याचा, आणि देताना तो कधीच खोटं बोलत नसे. हीच तर खरी अडचण होती. त्या घटकेला त्याला ते अगदी आतून वाटत असे. मग शनिवार यायचा.

म्हणून ती पाटी बघून तिला हसू आलं होतं. नवऱ्याच्या शब्दाचा भरवसा नव्हता, पण गावाच्या हलकटपणाचा पुरेपूर होता. क्लेटन आपण होऊन सोडेल न सोडेल. हे लोक मात्र हरणाऱ्या कोचला ठेवून घेणाऱ्यातले नव्हते. एकेक पराभव तिला एकेक मैल उत्तरेकडे नेत होता. ऑक्टोबर आला, मेपल लाल झाले, आणि हार्लन स्टेटचे ऑटर्स हरत राहिले. ऑटर्स म्हणजे पाणमांजरं. असल्या गोंडस जनावराचं नाव घेऊन भलेथोरले पुरुष जांभळ्या टोप्या घालून, तोंडाला जांभळा रंग फासून थंडीत चार चार तास गुरगुरत बसत, ह्याचं तिला पहिल्या दिवसापासून नवल वाटत आलं होतं. सकाळपासून स्टेडियमबाहेरच्या पटांगणात मोटारींच्या पाठी उघडून सॉसेज भाजायची, नऊ वाजता दारू सुरू करायची, आणि दुपारी वीस वर्षांच्या पोराच्या हातून चेंडू निसटला की त्याच्या आईचा उद्धार करायचा. आत काचेआडच्या खास कक्षात हेच सगळं नॅपकिन मांडीवर घेऊन चाले. तिथे देणगीदार बसत, त्यांच्या बायका बसत, आणि पहिल्या रांगेत जांभळा मफलर गळ्यात घालून कोचची बायको बसे. तिथे चेहरा कसा ठेवायचा ते मार्लीसला पाठ होतं. पुढे गेलो की ओठ उघडे, मागे पडलो की हनुवटी वर. आतल्या आत ती प्रतिस्पर्ध्यांचे गुण मोजत असे आणि तोंडाने 'अरेरे' म्हणत असे. आपण किती खोटारड्या आहोत ह्याची तिला लाज वाटायला हवी होती. पण सभोवार पाहिलं की वाटे, ह्या खोलीत त्यातल्या त्यात प्रामाणिक आपणच.

पाट्या दर रविवारी येत राहिल्या. एक, मग तीन, मग एकदा पाटीबरोबर एक फुटकं कमोडही. रविवारी संध्याकाळी रेडिओवर लोकांच्या फोनचा कार्यक्रम लागे आणि ती कांदा चिरता चिरता तो मुद्दाम ऐके. "मी उत्तर भागातून बॉब बोलतोय," असं म्हणून व्हर्न पेट्रोस्की खोकत असे. तो खोकला ती चार वर्षं कुंपणापलीकडून ऐकत होती. "कोच माणूस चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही," बॉब म्हणे, "पण चांगला माणूस आम्हाला चर्चमध्ये हवाय. मैदानावर नको." सोमवारी हाच बॉब तिच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढून देई. मग एक दिवस ग्लेंडा नावाची एक दलालबाई दारात येऊन उभी राहिली, हिरवा कोट, ओशाळलेलं हसू. "माफ करा हं, पण आमच्या पाट्या तुमच्याकडे येऊन पडल्यात असं ऐकलं. खरी घरं विकायची राहिलीत हो तिकडे." मार्लीसने तिला गॅरेज उघडून दिलं. ग्लेंडाने आपल्या कंपनीच्या पाट्या निवडून काढल्या, दोन दुसऱ्या कंपनीच्याही, सोडून येते म्हणाली. क्लेटनच्या फुल्यागोलांची तेवढी तिने उलटीसुलटी करून परत ठेवली. "ही राहू द्या. साहेबांचं काम दिसतंय." जाताना तिने कार्ड दिलं. "सहज आपलं. असू द्यावं." ह्या गावात तोंडावर खरं बोललेली ती पहिलीच बाई, आणि मार्लीसने ते कार्ड शीतकपाटावर चुंबकाखाली, सगळ्यांना दिसेल असं लावून ठेवलं. क्लेटन रोज तिथून दूध काढत होता. त्याला ते दिसलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी चार-पाच पोरं जेवायला येत. ही तिची पद्धत, तिसऱ्या गावापासूनची. वसतिगृहाच्या अन्नाला कंटाळलेली पोरं, प्रत्येकाचा दंड तिच्या मांडीएवढा. ती त्यांना बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश करून घाली आणि ती खाली मान घालून परातच्या परात संपवत. ह्या पोरांबद्दल तिच्या मनात तुच्छता नव्हती, निदान तेवढीच एक जागा तिने मोकळी ठेवली होती. लॉनी प्रुइट त्यांच्यातला म्होरक्या. हा अमेरिकन फुटबॉल, हातांनी खेळायचा, आणि चेंडू तोच फेकायचा. सगळा डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा. केंटकीच्या कोळसाखाणींकडचा, कानांनी मोठा, जेवण झालं की न सांगता ताटल्या विसळायला उभा राहणारा. त्याच्याही घरी उसवलेल्या सोफ्यावर ती बसून आली होती. शेवटच्या सामन्याच्या आधीच्या शनिवारी दोघा आडदांडांनी त्याला मधे धरून जमिनीवर आपटलं होतं. डोकं आपटल्याचा आवाज काचेआड येत नाही, पण तो उठला आणि चुकीच्या बाजूला चालू लागला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बड हॅनिगन त्यावर हसलाही होता. त्या गुरुवारी लॉनी नीट दिसत होता. जरा फिकट, दिव्याकडे पाठ करून बसलेला. "मॅम, तुमच्या वडलांचं ते तळं," त्याने काटा खाली ठेवत विचारलं, "त्याचं नाव काय म्हणालात?" "स्पून लेक." "स्पून लेक," तो हसला. "तिथे मासे लागतात का हो?" ती म्हणाली, लागतात, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसावं लागतं. मग दुसरी पोरं काहीबाही बोलली, कोणीतरी सॉस सांडला, तिने दुसरी परात आणली. ती वाढताना लॉनीने काटा खाली ठेवला. "मॅम, तुमच्या वडलांचं ते तळं, त्याचं नाव काय म्हणालात?" तेच हसू, तोच सूर, भुवयाही तशाच वर गेलेल्या. एकजण म्हणाला, "अरे बहिऱ्या, आत्ताच नाही का सांगितलं," आणि सगळे मोठ्याने हसले. लॉनीही हसला, सगळ्यांच्या मागून, इकडेतिकडे बघत.

पोरं गेल्यावर ती क्लेटनला म्हणाली, "तो खेळणार नाही." "कोण?" "वेड पांघरू नकोस, क्लेटन. त्याने मला एकच प्रश्न दोनदा विचारला." क्लेटन उरलेली हॉटडिश परातीतूनच खात उभा होता. "थकलाय पोरगा. परीक्षा आहेत. डॉक्टरने बघितलंय त्याला." "कुठल्या डॉक्टरने? बडच्या शेजारी कक्षात बसून सॉसेज खातो त्याने?" "मार्लीस." "तू त्याच्या आईला काय सांगितलंस ते मी ऐकलंय. मी तिथे बसले होते. मी तिचा केक खाल्लाय." क्लेटनने परात ठेवली, हात पुसले आणि तिच्याजवळ आला. मानेवर हात आला. "नाही खेळवत," तो म्हणाला. "दुसऱ्या पोराला उतरवतो. हरलो तर हरलो. तसंही आपलं नाताळ ठरलंय ना?" आणि तो तिच्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता की तिला स्वतःचीच शरम वाटली. तिने त्या रात्री आर्लनला फोन करून सांगितलं, चिमणी साफ करून घे.

शेवटचा सामना टार्लटनशी, नदीपलीकडच्या कॉलेजशी. दोन्ही गावांच्या मधे पूर्वी नाव चालायची, तिची पितळी घंटा जिंकणाऱ्याने वर्षभर ठेवायची. बाकी सगळे सामने हरलात तरी चालेल, घंटा आणली की गंगेत घोडं न्हालं. हार्लनने ती सहा वर्षं पाहिली नव्हती. सकाळी कक्षात शिरताना बड हॅनिगनने तिचं कोपर धरलं. गावात त्याचं मोटारींचं मोठं दुकान, कॉलेजच्या नव्या इमारतीवर त्याच्या आईचं नाव, आणि कोण राहणार कोण जाणार हे त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठरे. "मार्लीस, हनी, आज काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही दोघं आम्हाला घरच्यासारखी आहात. हे विसरू नकोस." म्हणजे ठरलं होतं. घरच्यासारखी हा शब्द ते लोक घालवून द्यायच्या आदल्या दिवशी वापरतात. तिच्या पायांतली कित्येक वर्षांची थंडी एकदम निघून गेली. ती आपल्या खुर्चीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सामना बघायला मजा आली. आकाश शिशासारखं होतं, बारीक बर्फ भुरभुरत होता, खाली बाकावर लॉनी अंगावर मोठा कोट ओढून, डोकं उघडं टाकून बसला होता, आणि त्याच्या जागी दुसरा पोरगा घाबरत घाबरत चेंडू फेकत होता. चांगलं हरत होते. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात चार गुणांनी मागे. भोवतालच्या बायका पर्स आवरू लागल्या, बडच्या बायकोने, जोलीनने, तर नव्या कोचचं नावही कोणाच्या कानात सांगितलं. मार्लीस मनात सामान बांधत होती. पडदे सोडून द्यायचे, चिनी मातीची भांडी घ्यायची, जांभळं जे जे असेल ते फेकायचं.

मग लोक उभे राहिले. आधी तिला कळलं नाही का ते. तिने दुर्बीण उचलली. बाकासमोर लॉनी उभा होता, कोट खाली पडलेला, आणि क्लेटनचा हात त्याच्या मानेवर होता. मागून, अंगठा कानाच्या मागे. तो पोराच्या कानात काहीतरी सांगत होता आणि पोरगा मान हलवत होता, हो, हो, हो. दुर्बिणीतून क्लेटनचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याच्यावर कपट नव्हतं, खोटेपणा नव्हता, नुसती माया होती. त्या घटकेला त्याला ते अगदी आतून वाटत होतं. लॉनीने हेल्मेट चढवलं. मग जे झालं ते त्या गावातले लोक मरेपर्यंत सांगतील, आणि मार्लीसला ते नीट आठवणारही नाही. त्याने दोनदा फेकलं, दोन्ही वेळा झेललं गेलं. तिसऱ्या वेळी कोणी मोकळं सापडेना तेव्हा तो स्वतःच चेंडू छातीशी धरून पळाला, आणि रेषेवर तिघेजण त्याच्यावर येऊन पडले. टचडाऊन, म्हणजे एकदम सहा गुण, आणि सामना जिंकला. ढीग उपसला तेव्हा तळाशी तो होता, चेंडू हातात घट्ट. कक्षातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, बडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जोलीनने तिचे गाल दोन्ही हातांत धरून मुका घेतला. आणि मार्लीसला दिसलं की आपण उभ्या आहोत आणि टाळ्या वाजवतो आहोत. तळहात झणझणत होते. कधी उठलो, कधी सुरू केलं, काही पत्ता नव्हता. एकोणतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेले होते. इतका वेळ ती सगळ्या जगाला तुच्छ लेखत आली होती. तिने हात खाली घेतले, आणि त्या खोलीत सगळ्यात हलकं माणूस कोण ह्याविषयी तिला शंका उरली नाही.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात घंटा आणून टांगली होती आणि जो येईल तो तिच्यावर हाणत होता. पोरं, बाप, पत्रकार, सगळ्यांची एकच गर्दी. क्लेटनला खांद्यावर घेतलं होतं. तो वरून तिला हात करत होता. लॉनी भिंतीशी एका लाकडी पेटीवर बसला होता, मुठीत कोणीतरी दिलेली सोड्याची बाटली. ती त्याच्यासमोर वाकली. त्याने डोळे बारीक करून वर पाहिलं, ओळख पटली, आणि तो गोड हसला. "मॅम," तो म्हणाला, "तुमच्या वडलांचं ते तळं. त्याचं नाव काय म्हणालात?" तिने सांगितलं. घंटेच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती डॉक्टरला शोधायला वळली. डॉक्टर घंटा वाजवत होता. त्याला हाताला धरून तिने लॉनीपाशी आणलं. त्याने पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पाठ थोपटली, म्हणाला, "झोपू दे त्याला रात्रभर, सकाळी टुणटुणीत होईल. आज तो राजा आहे, मिसेस डनलीवी." आणि परत घंटेकडे गेला.

सकाळी हिरवळीवर माणसं जमली होती. हरल्यावर चोरासारखी येत, जिंकल्यावर सहकुटुंब आली होती, चर्चचे कपडे घालून, हातांत भोपळ्याचे गोड केक घेऊन. व्हर्न पेट्रोस्की कुंपणापाशी गेल्या आठवड्याच्या पाट्या उपटून मोटारीत टाकत होता, उघड उघड, जणू नगरपालिकेनेच त्याला नेमलाय. "पोरांचा वात्रटपणा हो सगळा," तो तिला म्हणाला. "मी म्हटलं, आवरून टाकावं." बड हॅनिगनची लांब गाडी वाटेवर उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लीसला दोघं दिसत होते. बड बोलत होता, पाच बोटं पसरून दाखवत होता. पाच वर्षं. क्लेटनच्या एकाच हातात कप होता. त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. त्याने कप डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. एवढंच, एका हस्तांदोलनाला वेळ तो काय लागणार. आत आल्यावर मात्र तो तिच्याशी फार हळुवारपणे बोलला. "पाचच वर्षं गं. ह्या पोरांना आता अर्ध्यावर कसं सोडू? तळं काही पळून जात नाही." "आणि लॉनी?" "लॉनीला काय झालंय? तुला माहितेय, काल त्याने..." ती म्हणाली, "तू जा. बड थांबलाय." कॉलेजात पत्रकार जमले होते. तो तिच्या गालाला ओठ लावून गेला, शीळ घालत.

तिने वसतिगृहात फोन केला. लॉनीच्या खोलीतल्या पोराने सांगितलं, तो जागा आहे पण उजेड सहन होत नाही म्हणतो, दोनदा ओकला. "त्याला कोट घाल," ती म्हणाली, "मी येतेय." एका बॅगेत मावलं ते तिने भरलं. माणसं एव्हाना कॉलेजकडे पांगली होती, मग ती गॅरेजमध्ये गेली. पाटी तिथेच होती, भिंतीला टेकलेली, पाठीवर गोल आणि फुल्या आणि त्यांचे फाटे. क्लेटनचा मोठा हातोडा तिने पहिल्यांदाच हातात घेतला. जमीन वरून गोठली होती, पहिल्या चार-पाच घावांना खुंट आत जाईचना, नुसता उडत होता. तिने कोट काढून ठेवला. पलीकडून व्हर्न हातात बादली घेऊन बघत उभा राहिला. "मार्लीस, आता कशाला? आपण जिंकलो ना." "तुम्ही जिंकलात, व्हर्न. रेडिओवर बॉबलाही सांगा." तो खोकला आणि आत गेला. मग जमीन एकदम सैल झाली आणि खुंट घावागणिक खाली जाऊ लागला. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पाटी सरळ लागली नाही, एका अंगाला कलली. तिने ती तशीच राहू दिली.

ती बॅग मोटारीत ठेवत होती तेव्हा बडची गाडी परत आली. नव्या कराराचे कागद घरी, दोन्ही बायकांच्या साक्षीने सह्या करू, अशी बडची हौस असणार. क्लेटन उतरला आणि पाटी बघून खो खो हसला. "बड, हे बघ. कोणाला तरी अजून निकाल कळला नाही." त्याने एका हाताने पाटी धरली आणि खेचली. ती हलली नाही. त्याने दोन्ही हात लावले, गुडघे वाकवले, आणि तेव्हा त्याची नजर मागच्या बाजूला गेली. आपल्या फुल्या आणि गोल तो बराच वेळ बघत राहिला. "ही तर माझी आहे," तो म्हणाला. "मी लावलीय," मार्लीस म्हणाली. बडने टाय सरळ केला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "तू?" क्लेटन म्हणाला. "अगं, पण घर कशाला विकायचं?" त्याला खरंच कळलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग येत नाहीये. राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं. "लॉनीला शहरातल्या इस्पितळात नेतेय," ती म्हणाली. "तिथून त्याच्या आईला फोन करीन. तू दिलेला शब्द तुझा तू सांग तिला, मी फक्त काय झालंय ते सांगेन. मग मी उत्तरेला जातेय." तो जवळ आला. चेहऱ्यावर तीच सगळी माया घेऊन आला, आणि त्याचा हात उचलला गेला, तिच्या मानेकडे. ती एक पाऊल बाजूला झाली. हात तिथेच हवेत राहिला, बोटं किंचित वाकलेली, त्याला कुठे ठेवावं हे क्लेटनला कळेना. ती गाडीत बसली. कॉलेजच्या बाजूने घंटेचा आवाज येत होता. पाळी लावून वाजवत होते, संध्याकाळपर्यंत वाजवणार होते. तिने काच वर केली आणि वसतिगृहाच्या रस्त्याला लागली.